नवीन सिंगल शॉट रायफलमधे पुंगळी अडकते तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं

नवी कोरी रायफल, पहिल्यांदाच रेंजवर नेलेली. दोन गोळ्या व्यवस्थित गेल्या, तिसरी मारली, रायफल उघडली तर पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर वर आलेला आणि पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरणारं काडतुसाचं पितळी कवच, मात्र आतच बसलेली. नखाने ओढून पाहिलं, हलली सुद्धा नाही. शेवटी नळीच्या पुढच्या तोंडातून क्लिनिंग रॉड घालून हलकेच ठोकली तेव्हा टक्क करून सुटली. हे माझ्या रायफलच्या बाबतीत झालं होतं, २२३ या काडतुसाची, दुमडून उघडणारी सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस बसणारी, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी एकच निदान केलं की एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग कमजोर आहे, बदलून टाक. मी बदलली. पुंगळ्या तशाच अडकत राहिल्या. त्यानंतर हा विषय मी जरा नीट मुळापासून समजून घेतला, आणि जे समजलं ते इथे सोप्या शब्दात लिहितोय कारण याच चुकीत लोकांचे महिनेच्या महिने जातात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. एक्स्ट्रॅक्टर बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, तो फक्त निरोप आणणारा असतो. पुंगळी चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीला, घट्ट धरून बसली म्हणून तो रिमवरून, म्हणजे पुंगळीच्या बुडाच्या कडेवरून, घसरतो. तो घसरला हे आपल्याला दिसतं म्हणून आपण त्यालाच दोष देतो, पण पुंगळी का धरून बसली हा खरा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा त्या पुंगळीच्याच अंगावर लिहिलेलं असतं. म्हणून नवीन रायफल तपासताना एकही पुंगळी फेकू नका.

आता सिंगल शॉटमधेच हा त्रास जास्त का जाणवतो ते बघू. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलमधे तुम्ही बोल्टचा, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचा, हँडल वर उचलता तेव्हा आत एक तिरकी उतरती कड, कॅम, काम करत असते, म्हणजे हाताची फिरवण्याची ताकद कित्येक पटींनी वाढून पुंगळीला पहिला छोटासा हिसका देते. एकदा ती जागेवरून थोडीशी जरी सुटली की पुढे नुसतं ओढायचं असतं. काडतूस आत घालतानाही तोच कॅम मदत करतो, जरा लांब किंवा जरा जाड काडतूस असेल तरी तो दाबून बसवतो. दुमडणाऱ्या सिंगल शॉटमधे, म्हणजे नळी खाली झुकते त्या प्रकारात, असलं काहीच नाही. काडतूस आपण अंगठ्याने ढकलतो, बाहेर काढायला एक छोटासा तरफेसारखा तुकडा असतो, बस. फॉलिंग ब्लॉक, म्हणजे लिव्हर खाली ओढला की मागचा ठोकळा सरळ खाली सरकतो तो प्रकार, जसं की १८८५ ची विंचेस्टर किंवा १९६७ मधे आलेली रूगर नंबर वन, त्यात लिव्हरची थोडीफार ताकद मिळते पण बोल्टच्या कॅमइतकी नाही. त्यामुळे बोल्ट अ‍ॅक्शनमधे जो दोष कधी लक्षातही आला नसता तो सिंगल शॉटमधे पहिल्याच दिवशी समोर येतो. रायफल वाईटच आहे असं यावरून समजू नका, ती फक्त कमी माफ करते.

गोळी सुटते तेव्हा चेंबरमधे काय होतं हे कळलं की अर्ध निदान तिथेच होतं. काडतुसाची पुंगळी साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. चेंबरमधे ती थोडी सैल बसते, सैल असायलाच हवी नाहीतर आत कशी जाणार. चाप ओढला की आत प्रचंड दाब तयार होतो. ३०८ विंचेस्टर या काडतुसाचा कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) धरलेला आहे, २२३ रेमिंग्टनचा ५५,०००, जुन्या ४५-७० चा २८,०००. गाडीच्या टायरमधे तीसेक पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज करा. या दाबाने पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि मागे गॅस येऊ देत नाही, सीलचं काम करतं. पण इथेच एक गोष्ट लोक विसरतात, नुसतं पितळ फुगत नाही, स्टीलचं चेंबरसुद्धा फुगतं. अगदी थोडंसं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण फुगतं.

मग गोळी नळीतून बाहेर पडते, दाब शून्यावर येतो, आणि दोघंही परत आकसतात. स्टील पूर्ण आपल्या मूळ मापावर येतं कारण ते त्याच्या लवचिकपणाच्या मर्यादेत होतं. पितळ मात्र मर्यादा ओलांडून ताणलं गेलेलं असतं, त्यामुळे ते थोडंच परत येतं, साधारण आपल्या मापाच्या हजारात तीन-चार भाग इतकंच. चेंबर जितकं आकसलं त्यापेक्षा पितळ जास्त आकसलं तर मधे फट पडते आणि पुंगळी नुसत्या बोटाने निघते. चेंबर पितळेपेक्षा जास्त आकसलं तर ते पुंगळीला मुठीत धरल्यासारखं आवळतं. दाब जितका जास्त तितकं चेंबर जास्त फुगणार आणि तितकंच जास्त परत येणार, म्हणूनच पुंगळी जड निघणं हे जास्त दाबाचं एक जुनं आणि भरवशाचं लक्षण मानतात. स्टीलच्या पुंगळ्यांचा त्रास पण इथूनच येतो, स्टील पितळेपेक्षा कडक, ते कमी परत येतं, त्यामुळे नवीन रायफलची तपासणी करताना स्टील केसची काडतुसं बाजूला ठेवा आणि फक्त पितळेवरच निष्कर्ष काढा.

पुंगळी कशाची बनलीय याला किती महत्त्व आहे हे सैन्यांना रणांगणावर शिकावं लागलंय. अमेरिकन सैन्याच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनमधे सुरुवातीला तांब्याच्या पुंगळ्या होत्या, तांबं मऊ, तापलेल्या घाण चेंबरला चिकटायचं आणि एक्स्ट्रॅक्टर रिमच फाडून बाहेर यायचा, मग शिपाई चाकूने पुंगळी उचकटत बसायचे. पुढे तिथे पितळ आलं. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्रीचं काडतूस पितळेचंच, पण पातळ पत्रा गुंडाळून केलेलं, आणि १८८४-८५ च्या सुदानच्या मोहिमेत उष्णता आणि वाळूत त्या रायफली इतक्या अडकल्या की नंतर अखंड ओढलेल्या पितळेच्या पुंगळ्या आणाव्या लागल्या. दोन्ही रायफली सिंगल शॉटच होत्या बरं का.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हीने बघायचं, आणि घरी किंवा वर्कबेंचवर जे काही करायचं ते फक्त रिकाम्या पुंगळ्या किंवा बारूद आणि प्रायमर (बुडातली पेट देणारी टोपी) नसलेल्या डमी काडतुसांवर. जिवंत काडतूस फक्त रेंजवर, नळी निशाणाकडे, डोळ्यावर चष्मा. ही ओळ वाचून पुढे जायची नाही, पाळायची आहे, कारण एक्स्ट्रॅक्टर तपासताना जिवंत काडतूस वापरून अपघात केलेली माणसं नवशिकी नसतात.

पहिलं काम चेंबर साफ करणं, आणि हे ऐकायला अगदीच साधं वाटेल पण नवीन रायफलींच्या तक्रारींपैकी एक मोठा भाग इथेच संपतो. कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून ग्रीस नाहीतर जाड तेल लावलेलं असतं. शिवाय कारखान्यात टेस्ट फायर केलेली असते त्याची काजळी आत असू शकते. सीआयपी, म्हणजे बंदुकांच्या चाचणीचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिचे नियम पाळणाऱ्या देशांत तर रायफलच्या काडतुसासाठी कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाचं प्रूफ काडतूस मारूनच शिक्का बसतो. आणि रीमरने, म्हणजे चेंबर कापायच्या हत्याराने, चेंबर कापताना निघालेली एखादी बारीक चिप एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत अडकून राहिलेली मी स्वतः पाहिलीय. म्हणून नुसता बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा, ब्रश फिरवून भागत नाही, बोअरचा ब्रश चेंबरमधे सैल पडतो, चेंबरचा जाड ब्रश वेगळा मिळतो तो सॉल्व्हेंट लावून फिरवा, मग कोरड्या कापडाने पुसा, आणि शक्य असेल तर एक्स्ट्रॅक्टर काढून त्याच्या मागची जागा पण साफ करा.

आणि चेंबर कोरडंच ठेवा. पुंगळी सहज निघावी म्हणून चेंबरला तेल लावायचा सल्ला अजूनही काही जण देतात, कृपा करून ऐकू नका. फुगलेली पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरते त्या घर्षणामुळे मागच्या ब्रीचवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येणारा धक्का काही प्रमाणात कमी होतो. ३०८ सारख्या काडतुसात तो मागचा धक्का तीन-चार टनांच्या घरात जाऊ शकतो. तेल लावलं की पुंगळी भिंतीला धरणार नाही आणि तो सगळा भार लॉकवर आणि फ्रेमवर जाईल, आणि दुमडणाऱ्या रायफलीची फ्रेम हाच तर तिचा सगळ्यात नाजूक भाग.

साफसफाईनंतर काडतूस. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का एकच आहे का बघा, अगदी अक्षर न् अक्षर. २२३ रेमिंग्टनच्या चेंबरमधे ५.५६ चं लष्करी काडतूस बाहेरून जवळपास तसंच दिसतं आणि आरामात बसतं, पण २२३ च्या चेंबरमधे रायफलिंग (नळीच्या आतले पेचदार आटे) सुरू होण्याआधीची मोकळी जागा कमी असते त्यामुळे दाब वाढतो आणि पुंगळी जड निघते. मग माणूस रायफलला दोष देत बसतो. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची चांगली फॅक्टरी काडतुसं घ्या आणि प्रत्येकाची पाच-पाच मारून बघा. एकाच कंपनीची अडकत असतील तर आधी काडतुसावर संशय, सगळ्यांची अडकत असतील तर रायफलवर. रीलोड केलेली, म्हणजे मारलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून केलेली काडतुसं या टप्प्यावर अजिबात नकोत. माझ्या ओळखीतल्या एकाने बोल्ट अ‍ॅक्शनमधे मारलेल्या पुंगळ्या फक्त नेक साइज करून, म्हणजे पुढची मान तेवढी मूळ मापाला आणून, नवीन सिंगल शॉटमधे घातल्या आणि रायफल बंदच होईना म्हणून ती परत पाठवायला निघाला होता. त्या पुंगळ्या दुसऱ्या चेंबरच्या मापाच्या झालेल्या, त्याच्या बोल्टने त्या कॅमच्या जोरावर बसवल्या असत्या, सिंगल शॉटला तो जोर नाही. सिंगल शॉटसाठी फुल लेंग्थ साइझिंगच करायचं, म्हणजे अख्खी पुंगळी मूळ मापाला आणायची.

इथे एक छोटी चाचणी सांगतो जी माझ्या मते सगळ्यात जास्त कामाची आहे आणि पाच मिनिटात होते. स्वच्छ कोरड्या चेंबरमधे एक डमी काडतूस किंवा बरोबर मापाची, नवीन, न मारलेली पुंगळी नुसती सोडा. नळी खाली झुकवली की ती स्वतःच्या वजनाने टप्पकन बसली पाहिजे (रिम नसलेली असेल तर शेवटी एक्स्ट्रॅक्टरच्या पंजापाशी अंगठ्याने हलकं दाबावं लागेल) आणि रायफल बंद होताना कुठे अडखळायला नको. आता उघडा. एक्स्ट्रॅक्टरने ती नीट उचलली का? दहा वेळा करा. दहाही वेळा उचलली तर एक्स्ट्रॅक्टर आपलं काम करतोय, मग दोष पुंगळी फुगल्यानंतरच्या पकडीत आहे, म्हणजे चेंबर, दाब किंवा फ्रेमचं ताणणं. डमीवरही तो घसरतोय तर मग खुशाल एक्स्ट्रॅक्टरकडे बघा. मी ही चाचणी स्प्रिंग बदलायच्या आधी केली असती तर ती स्प्रिंग विकत घ्यावीच लागली नसती.

काडतूस आतच जात नाही किंवा रायफल बंद होत नाही असा प्रकार असेल तर डमीच्या अंगावर काळ्या मार्करने पूर्ण रंग लावा, वाळू द्या, घाला, हळूच बंद करा, काढा. जिथे रंग घासला गेला तिथे अडतंय. खांद्यावर, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे, गोल पट्टा घासला असेल तर हेडस्पेस (काडतुसाला चेंबरमधे मिळणारी लांबी, पुढे नीट सांगतो) कमी किंवा काडतूस लांब. मानेवर घासलं असेल तर मान टाइट. गोळीच्या पुढच्या गोलाईवर रायफलिंगच्या आट्यांचे सारख्या अंतरावर ठसे दिसत असतील तर गोळी थ्रोटला, म्हणजे रायफलिंग जिथे सुरू होतं तिथे, टेकतेय. बुडाजवळ एकाच बाजूला ओरखडा असेल तर चेंबरच्या तोंडाला किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेच्या कडेला बर, म्हणजे धातू कापताना उरलेली बारीक धारदार कड, राहिलेली आहे. लेथवर काम केलेल्या माणसाला बर काय असते ते सांगायला नको, बोटाच्या नखाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. आणि हो, कधीकधी एक्स्ट्रॅक्टरच पूर्ण आत बसलेला नसतो, त्याच्याखाली कचरा असतो, मग रिम थोडी वर राहते आणि आपण उगाच चेंबरवर शंका घेतो.

रेंजवर जाताना बरोबर मार्कर घेऊन जा. प्रत्येक काडतुसाच्या बुडावर कडेला एक ठिपका काढा आणि तो ठिपका दर वेळी वरच्या बाजूला, बारा वाजल्याच्या जागी ठेवूनच काडतूस घाला. पुंगळी निघाली की तिच्यावर नंबर टाका आणि ती कशी निघाली ते कागदावर लिहा, बोटाने निघाली, एक्स्ट्रॅक्टरने उचलली, हिसका द्यावा लागला, रॉड घालावा लागला. घरी येऊन भिंगाखाली सगळ्या ओळीत लावा. एखादा ओरखडा किंवा फुगवटा सगळ्या पुंगळ्यांवर ठिपक्यापासून त्याच जागी येत असेल तर तो चेंबरमधूनच आलाय, त्यात शंका नाही. प्रत्येकीवर वेगळ्या जागी असेल तर तो काडतुसाचा किंवा घाणीचा असण्याची शक्यता जास्त.

आता पुंगळी वाचायची कशी. अंगावर गोल गोल बारीक रेघा, अंगठीसारख्या, म्हणजे रीमरच्या खुणा. रीमर बोथट असेल किंवा कापताना चिप्स अडकल्या तर भिंतीवर अशा कड्या राहतात, पितळ फुगून त्या खाचांमधे शिरतं आणि मग बाहेर येताना प्रत्येक खाचेला धरतं. माझ्या पुंगळ्यांवर हेच होतं, खालच्या एक तृतीयांश भागात, इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांनी बघून मी चार वेळा सोडून दिलं होतं आणि दहा पटीच्या भिंगाखाली त्या स्क्रूच्या आट्यांसारख्या दिसल्या. लांबीच्या दिशेने ओरखडे असतील तर बर किंवा चेंबरमधली वाळू. एकाच जागी छोटा खळगा किंवा उंचवटा म्हणजे चिप किंवा चेंबरला पडलेला खड्डा. बुडाच्या जरा वर सगळीकडून सारखा फुगवटा म्हणजे चेंबर मागे मोठं कापलं गेलंय, आणि तोच फुगवटा फक्त एका बाजूला, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेसमोर असेल तर तिथे पुंगळीला आधार कमी पडतोय. पुंगळी जरा वळवून मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मापा, माप वेगळं येत असेल तर चेंबर गोल नाही.

मारलेली पुंगळी पुसून परत त्याच चेंबरमधे घालून बघायची, ही पण चांगली चाचणी आहे. ठिपका वर ठेवून घातली तर जाते पण पाव फेरा फिरवून घातली तर अडते असं झालं तर चेंबर अंडाकृती असू शकतं, आणि अर्धा फेरा फिरवल्यावर अडत असेल तर ब्रीचचा चेहरा नळीला काटकोनात नसेल. कुठल्याच बाजूने जात नसेल तर पुंगळी चेंबरपेक्षा मोठी राहिलीय, म्हणजे दाबाकडे किंवा फ्रेमच्या ताणाकडे बघायला हवं. सहज जाते, सहज येते, तरी मारल्यावर मात्र अडकते, तर खडबडीत भिंत हा पहिला संशयित.

प्रायमरकडेही बघा पण त्याच्यावर फार विसंबू नका. प्रायमर पुंगळीच्या बुडातून बाहेर आलेला दिसत असेल आणि काडतूस कमी दाबाचं असेल तर हेडस्पेस जास्त असू शकतो. सपाट झालेला प्रायमर जास्त दाबामुळे येतो तसाच जास्त हेडस्पेसमुळे पण येतो, म्हणून नुसत्या त्याच्यावरून काही ठरवू नये. फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईच्या) ठशाभोवती कडा उचललेल्या असतील तर पिनचं भोक मोठं असू शकतं किंवा तिची स्प्रिंग कमजोर. ठसा उथळ आणि कधी कधी गोळीच सुटत नाही, तर पिन काडतुसाला पुढे ढकलण्यात आपली ताकद घालवतेय का, म्हणजे परत हेडस्पेस, हे बघा.

हेडस्पेस हा शब्द एवढ्या वेळा आला तर तो सांगतो. ब्रीचच्या चेहऱ्यापासून काडतूस चेंबरमधे जिथे टेकून थांबतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. रिम असलेलं काडतूस, ३०-३०, ४५-७०, पॉइंट २२, हे रिमवर थांबतं त्यामुळे तिथे फक्त रिमच्या जाडीचा हिशोब असतो. रिम नसलेलं, ३०८ किंवा २२३, ते खांद्यावर थांबतं. हे मापायला गेज मिळतात, ३०८ साठी गो गेज १.६३० इंचाचा, नो-गो १.६३४ आणि फील्ड १.६३८. गो गेजवर रायफल बंद झाली पाहिजे, नो-गोवर बंद व्हायला नको. नवीन रायफल फील्ड गेजवर बंद होत असेल तर ती मारायचीच नाही, सरळ परत. १.६३० आणि १.६३८ मधला फरक ०.२ मिलिमीटर आहे, जाड कार्डाच्या कागदाएवढा, आणि त्यावर रायफल सुरक्षित की नाही हे ठरतं. गेज वापरताना एक्स्ट्रॅक्टर काढता आला तर काढा, सगळं पुसा, आणि बंद करताना जोर लावू नका, दुमडणाऱ्या रायफलीत नळीच्या लांबीमुळे तरफेचा जोर खूप येतो आणि गेज खोटं सांगतो.

जास्त हेडस्पेसचं धोक्याचं लक्षण म्हणजे पुंगळीच्या बुडापासून साधारण एका बोटाच्या रुंदीएवढा वर चमकदार गोल पट्टा. तिथे पितळ आतून पातळ होत असतं आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात, बूड बाहेर येतं आणि बाकीची नळकांडी चेंबरमधे राहते. एक बारीक तार घ्या, टोक वाकवून आकड्यासारखं करा, पुंगळीच्या आत घालून भिंतीवरून बुडाकडून वर ओढा, तिथे खोबण लागली तर त्या पुंगळ्यांना आणि त्या रायफलीला थांबवा.

दुमडणाऱ्या रायफलीचं एक खास दुखणं आहे जे गेजवर दिसत नाही. गोळी सुटताना फ्रेम किंचित ताणली जाते, नळी आणि ब्रीच यांच्यामधली जागा क्षणभर वाढते, पुंगळी त्या वाढलेल्या जागेएवढी लांब होते आणि फ्रेम परत आली की पुंगळी ब्रीचच्या चेहऱ्यात आणि खांद्यात दाबली जाते. मग रायफल उघडतानाच जड जाते, आणि पुंगळीच्या बुडावर घासल्याची चमक दिसते. हे लॅच, म्हणजे बंद नळी फ्रेमला अडकवून ठेवणारी कडी, नीट न बसल्याने वाढतं. लॅचच्या कपारीतला कचरा साफ करा, मग रिकामी रायफल बंद करून नळी आणि फ्रेम यांच्यात खेळ आहे का हाताने हलवून बघा. पातळ कागदाची पट्टी मधे ठेवून बंद केली की ती घट्ट धरली जाते का हेही बघता येतं. अगदी नवीन रायफल बंद केल्यावर खुळखुळत असेल तर पुढचं काही तपासत बसू नका.

पॉइंट २२ रिमफायरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यात पिन काडतुसाच्या बुडाच्या मधोमध न आपटता कडेच्या रिमवर आपटते, एक वेगळा मुद्दा. रिकामी रायफल वारंवार चाप ओढून वाजवली तर काही रायफलींमधे फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे छोटा ठसा पडून धातू चेंबरच्या आत ढकलला जातो. मग काडतूस आत जाताना अडतं आणि पुंगळी निघताना एकाच जागी ओरखडा घेऊन निघते. दुकानात दहा जणांनी हाताळून वाजवलेली नवीन रायफल घरी येते तेव्हा ही कड टॉर्चने बघून घ्या. गनस्मिथकडे ती कड परत बाहेर दाबायचं एक छोटं हत्यार असतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि समजा डमीच्या चाचणीत खरंच एक्स्ट्रॅक्टर नापास झाला, तर काय बघायचं. रिमच्या काडतुसात तो नुसता रिमखाली एक ओठ असतो, सोपं काम, जुन्या सिंगल शॉट रायफली बहुतेक रिमच्याच काडतुसांच्या असायच्या त्याचं हेही एक कारण. रिम नसलेल्या काडतुसात मात्र त्याला स्प्रिंगवरचा छोटा पंजा लागतो, काडतूस आत जाताना तो बाजूला सरकतो आणि मग बुडाजवळच्या खोबणीत टक्कन बसतो. त्या पंजाची कड गोल घासलेली आहे का, तो खोबणीत पूर्ण शिरतो का, त्याच्या घरात ग्रीस किंवा चिप आहे का, स्प्रिंग हलवल्यावर झटकन परत येते का, एवढंच. इजेक्टर असलेल्या रायफलीत पुंगळी आधी थोडी सैल व्हावी लागते, मग तो तिला उडवतो, घट्ट बसलेली पुंगळी उपटायची ताकद त्याच्यात नसते.

पुंगळी अडकली की स्क्रूड्रायव्हरने रिम उचकटू नका, चेंबरच्या तोंडाला कायमची खूण पडते आणि मग जो दोष नव्हता तो तयार होतो. ती मारलेली पुंगळीच आहे याची दोनदा खात्री करून मगच तोंडाकडून रॉडने हलके ठोका. दोन-चार मिनिटं थांबून बघितलं तरी चालतं, गरम पुंगळी थंड झाली की बऱ्याचदा आपोआप सुटते. आत जिवंत काडतूस अडकलं असेल तर रॉड अजिबात नाही, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची, चाप ओढूनही सुटलं नसेल तर उघडायच्या आधी किमान ३० सेकंद तशीच धरायची, मी पूर्ण मिनिट धरतो, आणि तरी निघालं नाही तर रेंजवरच्या अधिकाऱ्याला बोलवायचं.

ड्रिल मशीनला पॉलिश पेपर गुंडाळून चेंबर चकचकीत करायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. नवीन रायफलवर हे करू नका असं मी अगदी कळकळीने सांगतो. हाताने धरलेल्या ड्रिलने चेंबर एकसारखं कापलं जात नाही, तोंड घंटेसारखं पसरतं, कापलेलं स्टील परत येत नाही, आणि कंपनी वॉरंटी नाकारायला मोकळी. चेंबरची भिंत आरशासारखी असायची गरजही नसते, बारीक एकसारखी असली की पुरे. गनस्मिथ बोअरस्कोपने आतून बघू शकतो किंवा चेंबरचा साचा काढू शकतो, त्यासाठी बिस्मथचा एक मिश्रधातू असतो जो साधारण ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी, तो थंड होताना आधी थोडा आकसतो आणि मग सावकाश परत वाढतो, ओतल्यापासून एका तासाने तो बरोबर चेंबरच्या मापाचा असतो आणि तेव्हाच तो मापायचा असतो.

माझ्या रायफलच्या बाबतीत मी शेवटी नंबर टाकलेल्या पंधरा पुंगळ्या, प्रत्येकीसमोर ती कशी निघाली याची एक ओळ, तीन कंपन्यांच्या काडतुसांच्या डब्यांवरचे लॉट नंबर आणि भिंगातून काढलेले चार फोटो असं सगळं रायफलीबरोबर पाठवलं. आधी नुसती तक्रार केली होती तेव्हा काडतुसं बदलून बघा एवढंच उत्तर आलं होतं. या वेळी त्यांनी एकही प्रश्न न विचारता नळी बदलून दिली. नव्या नळीची पहिली पुंगळी मी अजून जपून ठेवलीय, अंगावर एकही रेघ नाही, आणि ती नळी झुकवल्यावर एक्स्ट्रॅक्टरने उचलायच्या आधीच सैल झालेली होती.